समुद्र उशिरा आला, गाडी वेळेवर: केळव्याची सहाशे रुपयांची सहल

अबोली_गोरेगाव | रविवार, रात्री ११:०५

लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या सासूबाई ७६ वर्षांच्या. मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, म्हणजे पाणी म्हटलं की विहीर नाहीतर टँकर. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा सासऱ्यांनी गिरगाव चौपाटीवर नेऊन भेळ खाऊ घातली होती. त्यानंतर मुलं, गिरणीचा संप, भाड्याच्या खोल्या, यात समुद्र राहूनच गेला. परवा भाजी निवडताना सहज म्हणाल्या, "पाण्यात पाय घालून किती वर्षं झाली देव जाणे." मला एकदम कसंसंच झालं. गोरेगावात राहतो आम्ही, मंगळवेढ्यात नाही!

जुहू नको म्हणाल्या. "तिथं माणसंच दिसत्यात, पाणी कुठं दिसतंय." मग नवऱ्याने आणि मी ठरवलं, दूर जायचं पण लोकलने. गाडी आमच्याकडे नाही, भाड्याची परवडत नाही, महिनाअखेर होती. माणशी दोनशेच्या वर जायचं नाही आणि रात्री जेवायला घरी. ऑफिसातल्या एकाने पालघरजवळचं केळवे सुचवलं.

सकाळी बोरिवलीहून डहाणू लोकल पकडली. उलट्या दिशेची, त्यामुळे चक्क खिडकी मिळाली. विरारच्या पुढे मुंबई संपते म्हणतात ते खरं आहे. वैतरणेच्या खाडीवरून गाडी जाताना लेक ओरडला, "आजी, समुद्र!" आजींनी हात जोडले. खाडी आहे हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

केळवे रोडला उतरलो. स्टेशन ते किनारा साताठ किलोमीटर, बाहेर सीटवर जाणाऱ्या रिक्षा उभ्या असतात. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, हे लक्षात ठेवा. आम्ही चौघं आणि मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक मावशी, मग निघाली. रस्ता मात्र सुंदर आहे हो. दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ-पोफळी, पानवेली, मध्येच कौलारू घर.

साडेअकराला शितळादेवीचं दर्शन घेऊन सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलो आणि बघतो तर समुद्रच नाही! म्हणजे होता, पण तिकडे लांब, एक चकाकती रेघ. मध्ये नुसती वाळू, अर्धी कोरडी, अर्धी ओली. बाराचं ऊन. सासूबाईंच्या काठीचं टोक वाळूत रुतायचं, दर चार पावलांनी उपसायचं. वाळू चपलेतून चटके देत होती. अर्ध्यावर जाऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी हितनं बघते." परत आणून सुरूखाली चटई टाकून बसवलं. ताडगोळे खाल्ले, डबा उघडला (धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही), लेकाने किल्ला केला. सासूबाई शांत. मला आतून रडायला येत होतं, एवढं करून पाण्याला पायच लागला नाही म्हणून.

आणि मग तीननंतर गंमत झाली. रेघ जवळ यायला लागली. साडेचारला पाणी इतकं पुढे आलं की काठीशिवाय, माझा हात धरून, त्या चालत गेल्या. निऱ्या वर खोचल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाट परत जाते तेव्हा टाचेखालची वाळू सरकते ना, ते त्यांना जाम आवडलं. "पायाखालची जमीन सरकाया लागली की गं," असं म्हणून हसत होत्या. पुढची लाट, परत तेच. पाऊण तास. आमच्या ठरवलेल्या गाडीची वेळ होत आली होती. नवरा घड्याळ दाखवतोय, मी त्याला डोळ्यांनी दटावतेय.

गाडी अर्थातच गेली. रिक्षा भरायला पुन्हा वीस मिनिटं, त्यामुळे आम्ही पुलावर असताना ती समोरून निघाली. पुढची दीड तासाने. फलाटावरच्या बाकावर बसून उरलेले धपाटे संपवले. घरी साडेनऊ.

हिशोब: लोकल चौघांची येऊन-जाऊन सव्वाशेच्या आत (लेकाचं अर्धं तिकीट), रिक्षा माणशी तीस म्हणजे जाऊन-येऊन २४०, ताडगोळे १००, भजी-चहा-शहाळं १४०. सहाशेच्या आसपास. 

आता प्रश्न. पाणी जवळ कधी असणार हे आधी कळायला काही साधी युक्ती आहे का? मोबाइलवर दिसतं म्हणतात, पण मला त्या आलेखातलं काही कळलं नाही. आणि याच खर्चात, याच पद्धतीने, म्हातारं माणूस घेऊन आणखी कुठे जाता येईल?

---

पालघर_पासधारक | रविवार, रात्री ११:३१

पहिला मी! छान लिहिलंय.

रोजचा प्रवासी म्हणून दोन गोष्टी. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, त्याआधी आम्ही शटलवर दिवस काढले. लोकल आली तरी फेऱ्या मोजक्या. विरारपर्यंत तुम्हाला 'ही गेली तर पुढची' अशी सवय असते, ती विरारला उतरवून ठेवा. इथे ही गेली तर बसा. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवायच्या, आणि किनाऱ्यावरून गाडीच्या एक तास आधी उठायचं. रिक्षा भरायचा वेळ त्यात आला.

दुसरं, तुम्ही नकळत बरोबर केलंत. सकाळी बोरिवलीहून डहाणूकडे आणि संध्याकाळी उलट, म्हणजे आमच्या गर्दीच्या विरुद्ध. हेच सकाळी आठला पालघरहून चर्चगेटकडे करून बघा, समुद्र डब्यातच दिसेल.

आणि एक हात जोडून विनंती. वैतरणेच्या पुलावर सासूबाईंनी हात जोडले ते ठीक, पण लोक गाडीतून नारळ आणि निर्माल्याच्या पिशव्या फेकतात. दोन पुलांच्या मध्ये वाढीव नावाचं बेटावरचं गाव आहे. तिथली माणसं पुलाच्या कडेने चालत येतात. वेगातल्या गाडीतून आलेला नारळ म्हणजे तोफगोळा. नमस्कार करा, फेकू नका.

---

चाकावरचा | सोमवार, सकाळी ८:१०

एवढे हाल करण्यापेक्षा गाडी भाड्याने घेतली असती तर थेट वाळूपर्यंत गेला असता. वयस्कर माणसांना लोकलमध्ये चढवायचं म्हणजे धाडसच आहे. मत ज्याचं त्याचं.

---

अबोली_गोरेगाव | सोमवार, सकाळी ८:४४

दादा, सासूबाई रोज लोकलने भजनाला कांदिवलीला जातात. चढवावं मलाच लागतं. :)

---

पालघर_पासधारक | सोमवार, सकाळी ८:५२

आणि रविवारी सकाळी महामार्गावर वसई फाट्याजवळ अडकलात की वाळूपर्यंत 'थेट' पोचायला दुपार होते. स्वानुभव, मेव्हण्याच्या गाडीतून.

---

डोलकाठी | सोमवार, दुपारी १:२०

भरती-ओहोटीचं विचारलंय म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या होत्या, आता मी बँकेत आहे, पण हिशोब डोक्यातून जात नाही.

मोबाइल लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि त्या दिवसाची तिथी बघा. तिथीचा आकडा, त्याची पाऊणपट, तेवढे वाजता पूर्ण भरती. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांना तेच. चतुर्थी म्हणजे चाराची पाऊणपट तीन, दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा धरायची, सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबई-रायगड-पालघर पट्ट्याला हे चालतं. पाऊण तास इकडेतिकडे होतो, मासेमारीला पुरत नसेल पण सहलीला पुरतं.

पाऊणच का? चंद्र रोज साधारण ४८ मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी सरकते. ४८ मिनिटं म्हणजे आपला पाऊण तासच, थोडा सढळ हाताने.

अबोलीताई, तुम्ही गेलात त्या दिवशी अष्टमी किंवा नवमी असणार. पैजेवर सांगतो.

---

अबोली_गोरेगाव | सोमवार, दुपारी १:५८

नवमी!! आत्ता स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघून आले. अंगावर काटा आला. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे ओहोटी एक वाजता. आम्ही बरोब्बर तेव्हाच वाळूत तडफडत होतो.

---

डोलकाठी | सोमवार, दुपारी ३:०५

आणि गंमत म्हणजे तुम्हाला पाणी 'लांब' दिसलं तरी ते त्या दिवशी फार सरलंच नव्हतं. अष्टमी-नवमी-दशमीला भांगाचं पाणी असतं. भरती मोठी नाही, ओहोटीही मोठी नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा भरतीला पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला खूप खाली जातं. केळव्याचा किनारा सपाट, त्यामुळे भांगालाही चालायला एवढं लागलं. उधाणाच्या ओहोटीला गेला असतात तर रेघसुद्धा दिसली नसती.

म्हाताऱ्या माणसांसाठी सांगतो. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा दिवस धरा. अकरा ते एकच्या दरम्यान पाणी सुरूच्या झाडांजवळ येतं, चालायला लागत नाही. मात्र उधाणाचं पाणी जोरदार, त्यामुळे घोट्यापर्यंतच, आणि मुलाचा हात सोडायचा नाही. पाणी उतरायला लागलं की ओढ आत असते. खाडीच्या तोंडाशी तर अजिबात उतरायचं नाही, वरून शांत दिसतं तिथंच ओढ जास्त. पावसाळ्यात हे सगळं विसरा, लांबून बघा.

---

वाडीतली | सोमवार, रात्री ९:१५

केळव्याची माहेरवाशीण आहे, आता ठाण्यात. गावाचं कौतुक वाचून बरं वाटलं. 

त्या पानवेलींबद्दल थोडं. आमच्याकडे वाडवळांच्या वाड्यांत केळवे-माहीमचं पान पिढ्यानपिढ्या होतं. वेल सावलीत वाढते, मुळाशी पाणी खेळतं राहावं लागतं पण साठलेलं चालत नाही. माझे काका सकाळी वाडीत शिरण्याआधी चपला बाहेर काढायचे. पान खुडायला अंगठ्याच्या नखावर पत्र्याची नखी चढवायचे, तिचा टक् टक् आवाज मला अजून ऐकू येतो. लोक गाडी थांबवून 'एक पान तोडतो' म्हणत आत शिरतात, फोटो काढतात, वेल ओढतात. बाहेरून बघा, विचारून आत या. हाक मारलीत तर कोणी नाही म्हणत नाही, उलट दोन पानं हातावर ठेवतील.

किनाऱ्यावर बायकांना कपडे बदलायची सोय टपरीवाल्यांकडे असते, थोडे पैसे घेतात. आधी विचारून घ्या. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मंगळवारी या, सगळा किनारा तुमचा. आणि दक्षिणेच्या बाजूला छोटा पाणकोट आहे, तो बहुतेक लोक बघतच नाहीत. भरतीला त्याला पाण्याचा वेढा पडतो, ओहोटीला चालत जाता येतं. म्हणजे अबोलीताई, तुमची नवमी कोटासाठी चांगली होती!

---

सुकेळी | सोमवार, रात्री १०:०२

इतक्या लांब जायचंच नसेल तर अर्नाळा. विरारला पश्चिमेला उतरायचं, स्टेशनबाहेरून बस. वाटेत आगाशी लागतं, तिथलं भुजिंग (कोंबडी आणि पोहे, भाजलेलं, मसालेदार) खाल्ल्याशिवाय पुढे जाणाऱ्याचा मी निषेध करतो. शाकाहाऱ्यांनी सुकेळी (सुकवलेली केळी) घ्यावीत, माझं नाव उगाच नाही.

अर्नाळ्याला किल्ला बेटावर आहे, होडीने जायचं. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, दरवाज्यावर बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख आहे. होडीचं भाडं किरकोळ. पण मी गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यातून चढावं लागलं, त्यामुळे सासूबाईंसाठी नको. तुम्ही आणि लेक जा, आजींना किनाऱ्यावर भुजिंग द्या.

---

नाममात्र | मंगळवार, सकाळी ७:४०

आजींना धपाट्यांच्या गावाहून आणून भुजिंग देणार? भजनाला जातात म्हटलंय ना वर.

---

सुकेळी | मंगळवार, सकाळी ७:५५

चूक झाली. सुकेळी देतो.

---

पांढरा_कांदा | मंगळवार, सकाळी ११:३०

अलिबागचं नाव अजून कोणी काढलं नाही? आधीच सांगतो, 'अलिबागहून आलायस का' हा विनोद करायचा नाही. त्याविरुद्ध २०१९ मध्ये एक जण थेट उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने याचिका फेटाळली, पण आमच्या भावना तशाच आहेत.

मुंबईहून तीन वाटा. गेटवेहून मांडवा, पुढे बस तिकिटातच. आरामाचं, पण तिकीट दोनशेच्या आसपास, म्हणजे तुमचं बजेट जातानाच संपलं. दुसरी भाऊच्या धक्क्याहून रेवसची लाँच. डॉकयार्ड रोडला उतरायचं. ही गरिबाची क्रूझ. टोपल्या, कोंबड्या, शाळेचे मास्तर, सगळे एकत्र. थंडीच्या दिवसांत मागे सीगल लागतात. रेवसहून एसटी किंवा विक्रम रिक्षा. तिसरी वाट पनवेल-पेण-वडखळ एसटीने.

तुमच्या सासूबाई ७६ च्या म्हणजे एसटीत त्यांना तिकीटच नाही! ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत, आधारकार्ड बरोबर ठेवा. तुम्हाला २०२३ पासून अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याला. लोकलमध्ये असं काही नाही, म्हणून लांबचा पल्ला असेल तर एसटीचा हिशोब एकदा करून बघा.

किनाऱ्यावर कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, नाहीतर घोडागाडी किंवा होडी. आत सिद्धिविनायकाचं मंदिर. किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ पासूनची. ती आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर चुंबकसुया बिघडतील म्हणून इकडे आणली. म्हणजे मुंबईच्या वाहतुकीला कंटाळून अलिबागला आलेली पहिली पाहुणी तीच.

---

डोलकाठी | मंगळवार, दुपारी २:१०

कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी एक मेख सांगून ठेवतो, कारण यात हमखास फसायला होतं. भर दुपारी ओहोटी हवी तर अष्टमीच्या आसपास जावं लागतं, पण तेव्हा भांग, पाणी पूर्ण सरत नाही, कमरेपर्यंत भिजाल. पाणी पार सरतं ते उधाणाला, पण तेव्हा ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाला. दिवसाच्या सहलीला दोन्ही गैरसोयीचं.

मधला मार्ग चतुर्थी-पंचमी. भरती तीन-पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी नऊ-पावणेदहाला, आणि पाणीही चांगलं सरतं. मुक्कामाला असाल तर उत्तम. मुंबईहून सकाळी येणाऱ्याने त्रयोदशी धरावी, ओहोटी दुपारी चारच्या सुमाराला. पण किल्ल्यात गप्पा मारत बसायचं नाही. पाणी वळलं की मागे फिरायचं. दरवर्षी कोणी ना कोणी आत अडकतं आणि मग होडीवाल्याच्या नावाने बोंब मारतं.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री ८:२५

मुंबईकरांनो, तुमचं बरं आहे. आम्ही कोल्हापूरकरांनी काय करायचं? 

करतो पण. पहाटेची रत्नागिरी एसटी, आंबा घाटातून. चार तास धरा. घाटात डाव्या खिडकीवरून भांडण ठरलेलं. स्टँडवरून शहर बसने भाट्ये, पुलाच्या पलीकडे सुरूचं बन आणि लांबलचक किनारा. मांडवीला वाळू काळी आणि जेट्टीवर भेळ चांगली. गणपतीपुळे आणखी पंचवीस किलोमीटर, एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर दोन्ही नीट होत नाही. समुद्रावर तीन तास मिळतात, प्रवासाला आठ. बायको म्हणते हा वेडेपणा आहे. पण येताना ती पण असते.

---

उंडो | मंगळवार, रात्री ९:५०

गोंयकारांकडून फुकटची भर. पणजीहून बेतीला फेरीबोट, पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडून कांदोळी-कळंगुटच्या बशी मिळतात. बोट पाचेक मिनिटांत पोचते, तरी माझी आज्जी ती 'समुद्रप्रवास' म्हणून मोजायची. मडगावहून कोलवाही बशीने अगदी जवळ. आमच्याकडे समुद्रावर जायला पैसे लागत नाहीत, समुद्रावर जाऊन जेवायला लागतात.

---

नाममात्र | बुधवार, सकाळी ९:०५

गोरेगावकरांसाठी सगळ्यात स्वस्त कोणी सांगितलंच नाही. मालाड स्टेशनहून बेस्टने मार्वे, तिथून होडीने पलीकडे मनोरी. बेस्टचं कमीत कमी तिकीट २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तरी सगळं मिळून पन्नास-साठात माणूस पलीकडे. समुद्र केळव्याएवढा स्वच्छ नाही. पण होडीत बसायचं असेल तर हीच.

---

चाकावरचा | बुधवार, सकाळी १०:१२

पार्किंग आहे का मार्वेला?

---

पालघर_पासधारक | बुधवार, सकाळी १०:१५

धाग्याचं शीर्षक परत वाचा हो.

---

अबोली_गोरेगाव | बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना डोलकाठींचा हिशोब घरात वाचून दाखवला. मी मोबाइलवर गणकयंत्र उघडून "तेरा गुणिले पाऊण" असं टाइप करतेय, तोवर सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "पावणेदहा."

मी बघतच राहिले. म्हटलं पाच? "पावणेचार." अकरा? "सव्वाआठ." लेकाने मुद्दाम चौदा विचारलं, "साडेदहा." चौथीपर्यंत शाळा झालेली बाई. मग कळलं, त्यांच्या गावच्या मास्तरांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे) सगळं छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं. मंगळवेढ्याच्या बाजारात ज्वारी मोजायला उपयोगी पडायची. समुद्र कधी येणार हे त्यातून निघतं, हे त्यांनाही कालच कळलं. फार खूश झाल्या. "म्हंजी हिकडच्या लोकांचं पण पाऊणकीवर चालतंय तर!"

आता घरातल्या कॅलेंडरचा ताबा त्यांच्याकडे. येत्या पौर्णिमेच्या आसपासच्या मंगळवारी मी रजा टाकलीय. पुन्हा केळवेच, कारण अलिबागला किल्ला चढायचा नाही म्हणाल्या, नुसतं उभं राहायचंय. पाणी साडेअकराच्या सुमाराला झाडांजवळ, आम्ही अकराला हजर, आणि चारच्या आधीची परतीची गाडी. दोन्ही गाड्यांच्या वेळा त्यांनीच स्वतःच्या हाताने कागदावर लिहून बटव्यात ठेवल्यात. नवऱ्यावर विश्वास नाही.

@वाडीतली, तुमच्या काकांची वाडी स्टेशनकडून येताना कुठल्या बाजूला लागते? सासूबाईंना ती नखी बघायची आहे. चपला बाहेर काढू.

---

वाडीतली | बुधवार, रात्री ११:०२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. काका आता थकलेत, पण काकू आहे. मंगळवारी घरीच असते. डबा आणू नका, ती रागावेल.